शेतात सापडलेलं चांदीचं नाणं खरंच रोमन आहे का? ते ओळखायचं कसं आणि मग करायचं काय?

समजा, गेवराई किंवा माजलगाव तालुक्यात विहिरीचं खोदकाम सुरू आहे. मातीच्या ढिगात एक काळपट चकती दिसते. आकाराने आजच्या एक रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित लहान. पुसून पाहिलं तर एका बाजूला माणसाचं तोंड, डोक्यावर पानांची माळ आणि कडेने इंग्रजीसारखी दिसणारी अक्षरं.

पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे. फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. एक जण म्हणतो, "रोमन आहे, कोटीत जाईल." दुसरा म्हणतो, "डुप्लिकेट आहे, दे फेकून." तिसरा काही न बोलता ते नाणं चिंच लावून लख्ख घासतो.

या तिघांपैकी सगळ्यात मोठं नुकसान तिसऱ्याने केलेलं असतं. ते का, हे पुढे येईलच. पण आधी मूळ प्रश्न. इटलीतल्या रोमचं नाणं बीडच्या मातीत येईलच कशाला? आणि आलंच, तर ते खरं की खोटं हे कळणार कसं?

बीड आणि रोमचा संबंध काय?

साधारण दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत एक व्यापारी माहितीपुस्तक लिहिलं गेलं. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या नावाने ते ओळखलं जातं. लिहिणाऱ्याचं नाव माहीत नाही, पण तांबड्या समुद्रातून भारतात येणाऱ्या जहाजांना कोणत्या बंदरात काय विकता येईल आणि काय घेता येईल, याची यादी त्यात आहे.

त्यात दख्खनमधल्या दोन मोठ्या बाजारपेठांची नावं येतात: पैठण आणि तगर. भरूच बंदरापासून दक्षिणेला २० दिवसांच्या प्रवासावर पैठण, आणि तिथून पूर्वेला आणखी १० दिवसांवर तगर, असं तो लिहितो. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून भरूचला जायचं, असंही त्यात आहे.

तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. इंग्रज अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ही ओळख पटवून दिली.

आता नकाशा उघडा आणि पैठण ते तेर अशी सरळ रेष ओढा. ही रेष जेमतेम १५० किलोमीटरची आहे, आणि बीड शहर जवळजवळ तिच्या मध्यावर येतं. त्या काळच्या गाड्या नेमक्या कोणत्या वाटेने जात होत्या ते रेषेवरून ठरत नाही. पण या दोन पेठांमधला व्यापार आजच्या बीड जिल्ह्याच्या आसपासच्या मुलखातूनच व्हायचा, हे उघड आहे.

भरूचला काय आयात व्हायचं त्या यादीत इटलीची दारू, तांबं, कथील, पोवळी यांच्यासोबत सोन्या-चांदीची रोमन नाणीही आहेत. स्थानिक पैशांशी त्यांची अदलाबदल केली की नफा होतो, अशी टीपही लेखकाने दिली आहे. म्हणजे रोमन नाणं हा नुसता पैसा नव्हता, तो स्वतःच विकाऊ माल होता.

मग मराठवाड्यात रोमन चांदी भरपूर सापडते का?

नाही. आणि ही गोष्ट आधी नीट समजून घ्यायला हवी.

भारतात रोमन चांदीच्या नाण्यांचे मोठे साठे प्रामुख्याने दक्षिणेत सापडलेत. तमिळनाडूत कोइम्बतूर भागातल्या बुदिनाथममध्ये सुमारे १,४०० नाणी मिळाली. तेलंगणात नलगोंडा भागातल्या अक्कनपल्लीत १,५०० हून जास्त मिळाली. महाराष्ट्रात असे साठे नाहीत.

याचं एक कारण अभ्यासक असं मांडतात की पश्चिम भारतात आलेली रोमन चांदी वितळवून तिची स्थानिक नाणी पाडली गेली असावीत. हा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण त्याचा अर्थ एवढाच की आपल्याकडे एक अस्सल रोमन चांदीचं नाणं, सापडल्याच्या जागेच्या नोंदीसह मिळणं ही अभ्यासकांसाठी मोठी बातमी असते. आणि त्याच कारणामुळे 'रोमन' म्हणून समोर आलेल्या प्रत्येक नाण्याकडे आधी संशयाने बघावं लागतं.

खरं रोमन चांदीचं नाणं दिसतं कसं?

या नाण्याला 'दिनारियस' म्हणतात. पुढे जगभर पसरलेला 'दिनार' हा शब्द यातूनच आला.

भारतात सापडलेल्या दिनारियसमध्ये दोन प्रकार सगळ्यात जास्त दिसतात.

पहिला प्रकार सम्राट ऑगस्टसचा. एका बाजूला त्याचं डोकं. दुसऱ्या बाजूला समोर तोंड करून उभे दोन तरुण, त्यांच्या मध्ये दोन ढाली आणि भाले. हे त्याचे नातू आणि दत्तक मुलगे, गायस आणि लुशियस. ऑगस्टसला त्यांना वारस म्हणून लोकांसमोर आणायचं होतं. पण लुशियस इसवी सन २ मध्ये आणि गायस इसवी सन ४ मध्ये वारला. दोघंही गादीवर बसले नाहीत, त्यांची नाणी मात्र समुद्र ओलांडून भारतात पोहोचली.

दुसरा प्रकार ऑगस्टसनंतर आलेल्या टायबेरियसचा. एका बाजूला उजवीकडे बघणारं त्याचं डोकं, त्यावर पानांची माळ. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली एक स्त्री, एका हातात लांब दंड आणि दुसऱ्या हातात फांदी. तिच्या दोन्ही अंगांना 'पाँटिफ मॅक्सिम' हे शब्द, म्हणजे 'प्रमुख पुरोहित' या पदवीचं लघुरूप. बायबलमधल्या कराच्या नाण्याच्या गोष्टीशी हे नाणं जोडलं जातं. त्यामुळे जगभर त्याला मागणी आहे, आणि म्हणून नकलाही भरपूर आहेत.

दोन्ही प्रकारांची बहुतेक नाणी आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या टांकसाळीत पाडली गेली.

याच दोघांची नाणी भारतात एवढी का?

उत्तर चांदीत आहे. ऑगस्टसच्या काळात एका रोमन पौंड चांदीतून ८४ दिनारियस पाडायचे. म्हणजे एक नाणं सुमारे ३.९ ग्रॅमचं. आपल्या जुन्या तोळ्याच्या हिशोबात बरोबर तिसरा हिस्सा, म्हणजे चार मासे. चांदीही जवळजवळ शुद्ध.

इसवी सन ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने हे गणित बदललं. त्याच एका पौंडातून ९६ नाणी पाडायला सुरुवात केली आणि चांदीत तांबं वाढवलं. नाणं ३.४ ग्रॅमच्या आसपास आलं. पुढे इसवी सन २०० च्या सुमारास सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात तर नाण्यात निम्मी चांदी उरली होती.

भारतातल्या व्यापाऱ्यांना हे कळत होतं असं दिसतं. कारण इथल्या साठ्यांमध्ये जुनी, चोख चांदीची नाणीच प्रामुख्याने सापडतात.

यावर रोमन लेखक प्लिनीने एक किस्सा लिहून ठेवलाय. एक रोमन माणूस वादळात सापडून श्रीलंकेला पोहोचला. तिथल्या राजाने त्याच्याजवळची नाणी पाहिली. त्यांवरचे चेहरे वेगवेगळ्या राजांचे होते, पण वजन सगळ्यांचं सारखं. हे लोक प्रामाणिक आहेत, असं त्यावरून राजाचं मत झालं. गोष्ट खरी असो वा रचलेली, नाणं हातात आलं की आधी वजन बघायचं हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं.

विचित्र दिसणारं नाणं खोटंच असतं का?

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. आपल्या डोक्यात एक सरळ हिशोब असतो: पुस्तकातल्या चित्रासारखं दिसलं तर खरं, नाही दिसलं तर खोटं. प्राचीन नाण्यांना हा हिशोब लागू पडत नाही. काही विचित्र वाटणारी नाणी अस्सल असतात, आणि काही अगदी 'परफेक्ट' दिसणारी कालपरवा बनवलेली असतात.

विचित्र पण जुनी असू शकणारी नाणी साधारण अशी:

दातेरी कडेची नाणी. रोममध्ये सम्राट येण्याआधीच्या काळात काही दिनारियसच्या कडेला मुद्दाम खाचा मारलेल्या असत. जर्मन टोळ्यांना ही दातेरी नाणी जास्त विश्वासाची वाटायची, असं टॅसिटस हा रोमन इतिहासकार सांगतो.

आतून तांब्याची नाणी. वर चांदीचा पातळ पत्रा आणि आत तांब्याचा गाभा. हा त्याच काळातला बनावट माल. वरची चांदी झिजली की आतलं तांबं हिरवट-तपकिरी दिसायला लागतं. म्हणजे नाणं 'खोटं' आहे, पण तेही दोन हजार वर्षं जुनं.

दोन्ही बाजूंना एकच चेहरा असलेली नाणी. एका बाजूला उठावदार आणि दुसऱ्या बाजूला तोच चेहरा खोलगट, उलटा. हे टांकसाळीतल्या चुकीने व्हायचं. आधीचं नाणं साच्यालाच चिकटून राहिलं आणि त्याच्यावरच पुढची चकती ठेवून हातोडा मारला, की असं नाणं तयार व्हायचं.

चेहऱ्यावर काप मारलेली नाणी. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईत १८९८ मध्ये ५०१ रोमन सोन्याची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या डोक्यावर छिन्नीचा घाव होता. भारतात सापडलेल्या काही चांदीच्या नाण्यांवरही असे घाव आहेत. धातू तपासण्यासाठी, की नाणं चलनातून बाद करण्यासाठी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण असा घाव हे भारतातल्या प्रवासाचं चिन्ह आहे. 'खराब झालेलं' म्हणून ते टाकून देऊ नये.

अक्षरं चुकलेली नाणी. चित्र रोमन वाटतं, पण अक्षरं वाचता येत नाहीत, नुसत्या रेघा आणि गोल. ही भारतातच त्या काळी केलेली नक्कल असू शकते. कारागिराला लॅटिन येत नव्हतं, त्याने डोळ्यांना दिसलं तसं कोरलं. दख्खनमध्ये तेलंगणातल्या कोंडापूरसारख्या ठिकाणी तर रोमन नाण्यांच्या मातीच्या नकलाही सापडल्या आहेत. त्या अर्थातच बाजारात चालवायला नव्हत्या, अंगावर घालायला असाव्यात.

परदेशी नाणं दागिन्यात घेण्याची सवय आपल्याला नवी नाही. आपल्याकडची पुतळ्यांची माळ आठवा. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाट नाण्यांवर माणसांच्या आकृत्या असायच्या, म्हणून आपण त्यांना पुतळी म्हटलं. मग सोनारांनी तशाच पुतळ्या इथे घडवल्या. त्या पुतळीला आपण 'डुप्लिकेट डुकाट' म्हणत नाही. मग जुन्या भारतीय कारागिराने घडवलेल्या रोमन नकलेलाही नुसतं 'बनावट' म्हणून बाजूला सारणं योग्य नाही.

महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं 'विचित्र' नाणं

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी. ती रोमन नव्हती, नहपान या क्षत्रप राजाची होती. पण पहिल्यांदा बघणाऱ्याला ती सहज रोमन वाटू शकतात. एका बाजूला राजाचा चेहरा आणि त्याभोवती ग्रीक अक्षरं. गंमत म्हणजे अक्षरं ग्रीक असली तरी भाषा प्राकृत. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपीतला मजकूर.

यातली ९ हजारांहून जास्त नाणी आणखीच विचित्र होती. नहपानाच्या चेहऱ्यावर दुसराच ठसा मारलेला. डोंगरासारखं चिन्ह, त्याभोवती दुसऱ्या राजाचं नाव. ते नाव होतं गौतमीपुत्र सातकर्णी.

म्हणजे सातवाहन राजाने नहपानाचा पराभव केला आणि त्याच्याच नाण्यांवर आपला शिक्का मारून ती पुन्हा चालवली. नहपान आणि गौतमीपुत्र समकालीन होते की नव्हते, या प्रश्नाला या नाण्यांमुळे ठोस आधार मिळाला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी हा साठा अभ्यासून त्याची माहिती १९०८ मध्ये प्रसिद्ध केली.

आता विचार करा. दोन चित्रं एकमेकांत मिसळलेलं, अक्षरं अर्धी पुसलेलं असं एखादं नाणं कोणी 'नीट छापलं नाही' म्हणून मोडीत दिलं असतं तर? साठ्यातली नाणी एकत्र बघायला मिळाली, म्हणूनच हा उलगडा झाला.

बीडमध्ये 'रोमन' म्हणून समोर येणारं नाणं बहुतेक वेळा दुसरंच काही असण्याची शक्यता जास्त. क्षत्रपांचं नाणं दोन ते अडीच ग्रॅमचं, म्हणजे दिनारियसपेक्षा स्पष्टपणे हलकं. व्हिक्टोरिया राणीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, पूर्ण एक तोळा, आणि कडेला यंत्राने पाडलेले एकसारखे दाते. निजामाच्या हाली सिक्क्यावर कुणाचा चेहराच नाही, फारसी मजकूर आहे. नुसत्या वजनकाट्यावर यातले निम्मे गोंधळ मिटतात.

खोटी नाणी बनतात कशी?

सगळ्यात सोपा मार्ग ओतकामाचा. खऱ्या नाण्याचा साचा घ्यायचा आणि त्यात धातू ओतायचा. अशा नाण्यावर भिंगातून बारीक खड्डे दिसतात, कारण धातू गार होताना हवेचे बुडबुडे अडकतात. अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत होतात. कडेला साच्याच्या दोन भागांची जोडरेघ राहते, किंवा ती घालवण्यासाठी कानस मारल्याच्या खुणा दिसतात.

दुसरा मार्ग नवा साचा कोरून त्यावर नाणं ठोकण्याचा. हे ओळखणं कठीण. जर्मनीतला कार्ल विल्हेल्म बेकर हा १९ व्या शतकातला या कामातला उस्ताद. नवं नाणं जुनं दिसावं म्हणून तो ती लोखंडाचा कीस भरलेल्या पेटीत टाकायचा आणि पेटी आपल्या घोडागाडीला बांधून फिरवायचा. खडखडाटाने नाण्यांची चमक जायची आणि कडा बोथट व्हायच्या.

तिसरा प्रकार पर्यटकांसाठी बनवलेल्या प्रतिकृतींचा. त्या बनवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण चार हात फिरल्यावर तीच वस्तू 'आजोबांच्या पेटीत सापडलेली' होते.

आणि आपल्याकडचा चौथा प्रकार म्हणजे गुप्तधनाची टोळी. पद्धत ठरलेली असते. "घराचा पाया खणताना हंडा सापडला, पोलिसांच्या भीतीने स्वस्तात विकायचाय," असा फोन येतो. तपासायला एक-दोन नाणी दिली जातात, ती खरी निघतात. मग लाखो रुपये घेऊन दिलेली उरलेली पिशवी पितळेची किंवा मिश्र धातूची असते. म्हणूनच एक नाणं खरं निघालं म्हणजे सगळी पिशवी खरी, असं कधीच धरू नये.

मग तपासायचं कसं?

१. आधी फक्त बघा. नाणं कडेने धरा. दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग घ्या. हाताने ठोकलेल्या नाण्याचं चित्र क्वचितच अगदी मधोमध असतं. नाणं पूर्ण गोल नसतं, आणि हातोड्याच्या दाबाने कडेला बारीक चिरा पडलेल्या असतात. रोमन दिनारियसच्या कडेला यंत्राचे बारीक, एकसारखे दाते नसतात.

२. अक्षरं वाचा. रोमन नाण्यावर 'यू' हे अक्षर नसतं, त्या जागी 'व्ही' कोरलेलं असतं. त्यामुळे 'ऑगस्टस' या शब्दातही गोल 'यू' दिसला तर शंका घ्या. 'जे' आणि 'डब्ल्यू' ही अक्षरंही नसतात. आणि नाण्यावर इसवी सनपूर्वचं वर्ष लिहिलेलं असेल तर पुढे काही तपासायची गरज नाही. ख्रिस्त जन्मायच्या आधी त्याच्या जन्मापासूनची वर्षं कोण मोजेल?

३. वजन आणि व्यास. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो. ऑगस्टस-टायबेरियसचं नाणं झिजून ३.५ ते ३.९ ग्रॅमच्या दरम्यान असतं, व्यास साधारण १८ ते २० मिलिमीटर. फार कमी किंवा फार जास्त भरलं तर कारण शोधावं लागतं.

४. घनता. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणायचा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात सोडायचं, तळाला किंवा भिंतीला न टेकवता. काटा जो आकडा दाखवेल, त्याने नाण्याच्या वजनाला भागायचं. समजा नाणं ३.८० ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ०.३६ आला, तर उत्तर १०.५ च्या जवळ. शुद्ध चांदीची घनता १०.४९ आहे. तोच आकडा ०.४२ आला, तर उत्तर ९ च्या आसपास, म्हणजे आत तांबं असल्याची शंका. पण इतक्या छोट्या वस्तूत ०.०१ चा फरकही उत्तर बदलतो, म्हणून मोजणी तीन-चारदा करावी लागते. नाण्याची चांदी उडून आतलं तांबं उघडं पडलं असेल तर ते पाण्यात बुडवू नये.

५. धातूचं विश्लेषण. सोन्याची शुद्धता दाखवणारं एक्स-रे मशीन आता अनेक शहरांत असतं. ते नाण्याला इजा करत नाही. पण ते फक्त वरचा थर वाचतं. शेकडो वर्षं जमिनीत पडलेल्या चांदीच्या वरच्या थरातलं तांबं निघून गेलेलं असतं, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा जास्त शुद्ध दिसू शकतो. आतून तांब्याचं नाणंही या मशीनला फसवू शकतं. उलट एक गोष्ट उपयोगी पडते. जुन्या पद्धतीने शुद्ध केलेल्या चांदीत सोनं आणि शिसं यांचे अंश राहून जातात. आजच्या कारखान्यातल्या चांदीत ते जवळपास नसतात.

६. जुळणी. हातोड्याने ठोकलेली दोन नाणी सगळ्या बाबतीत सारखी नसतात. एकच साचा वापरला असला तरी मध्य सरकतो, चिरा वेगळ्या पडतात, झीज वेगळी होते. तुमच्या नाण्यावरचा ओरखडा, कडेची चीर आणि आकार हे सगळं जसंच्या तसं दुसऱ्या कुठल्या नाण्यावर असेल, तर दोन्ही एकाच नाण्याच्या साच्यातून ओतलेली असण्याचीच शक्यता.

यातली कुठलीही एक चाचणी पुरेशी नाही. लोहचुंबक तर मुळीच नाही. नाणं चुंबकाला चिकटलं तर ते चांदीचं नाही एवढंच कळतं. नाही चिकटलं तर काहीच सिद्ध होत नाही.

नाणं घासायचं का नाही?

चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर यातलं काहीही लावायचं नाही. सराफाच्या कसोटीवर घासायचं नाही आणि अ‍ॅसिडचा थेंब टाकू द्यायचा नाही.

चांदीवर चढलेला काळा किंवा राखाडी थर हा जमिनीत घालवलेल्या काळाचा पुरावा असतो. तो कसा चढलाय, अक्षरांच्या खाचेत किती खोल गेलाय, यावरून तज्ज्ञ बरंच सांगू शकतात. वर लावलेला रंग किंवा रसायनाने आणलेला काळेपणा वेगळा दिसतो. थर गेला की ही तुलना संपते. शिवाय जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते, दाबाने तिचे तुकडे होऊ शकतात.

माती सुटी असेल तर ती तशीच सुकू द्या. नाणं साध्या कागदात गुंडाळा. दोन्ही बाजूंचे फोटो पट्टीसह काढा. आणि ज्या जागी सापडलं तिचाही फोटो काढा. किती खोलीवर, आजूबाजूला खापरं, विटा, मणी, राख असं काय होतं ते लिहून ठेवा.

कायदा काय सांगतो?

जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ हा कायदा आहे. १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू जमिनीत सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, कुठे आणि कधी. कायदा इंग्रजांच्या काळातला असल्यामुळे रक्कम हास्यास्पद वाटते, पण तिचा अर्थ सरळ आहे. चांदीचं एक नाणंही त्यात बसतं.

लोक घाबरतात ते "सरकार सगळं घेऊन जाईल" म्हणून. कायद्यात मात्र शोधणाऱ्याचा हक्क मान्य केलेला आहे. वस्तूचा जुना मालक सापडला नाही आणि जमीनमालक वेगळा असेल, त्यांच्यात दुसरा काही करार नसेल, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला उरलेला वाटा, अशी तरतूद आहे. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश एवढा मोबदला द्यावा लागतो. उलट माहिती लपवली तर वाटा जातो, आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावशेष आणि कलावस्तूंचा. १०० वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष आहे. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर पाठवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे "परदेशातला गिऱ्हाईक आहे, कुरियर करा" असं कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला तुरुंगाची वाट दाखवतोय.

दाखवायचं कुठे?

पहिली पायरी तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालय. ओळख पटवण्याचं काम राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या कक्षेत येतं. नाशिकजवळ अंजनेरी इथे १९८० मध्ये डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने सुरू झालेली नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचा मोठा संग्रह आहे.

आणि नुसतं बघायला, डोळा तयार करायला जायचं असेल तर बीडच्या दोन्ही बाजूंना सोय आहे. पैठणला बाळासाहेब पाटील यांच्या नावाचं आणि तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. ही दोन्ही नावं कुठल्या राजा-महाराजांची नाहीत. गावात नांगराला, पावसाने धुपलेल्या पांढरीच्या मातीत जे सापडत गेलं, ते फेकू न देता जमवणाऱ्या स्थानिक माणसांची आहेत. त्यांनी ते जमवलं म्हणून सातवाहनकालीन पैठण आणि तेर आज आपल्याला दिसतं.

शेवटी किमतीचं. टायबेरियसचं दिनारियस जगात दुर्मीळ नाही. ते हजारोंनी उपलब्ध आहे, त्यामुळे 'कोटीत जाईल' हे विसरा. पण "गेवराईजवळ अमुक गावात, अमुक विहिरीत, इतक्या फुटांवर, सातवाहन काळातल्या खापरांसोबत सापडलं" अशी नोंद असलेलं दिनारियस मात्र फारच थोडं आहे. नाणं तेच, पण नोंद असली तर ते बीडच्या इतिहासाचा पुरावा ठरतं आणि नोंद नसली तर चार माशांची चांदी. ती नोंद करणं मात्र फक्त पहिल्यांदा उचलणाऱ्याच्याच हातात असतं.